बोनेटवरचा हात

अंजूर, ता. भिवंडी
शुक्रवार, १६ ऑक्टोबर १९९८

प्रिय खलील,

फखरुद्दीनमामू दुपारच्या एसटीने पुण्याला निघालेत, त्यांच्याच हाती हे पत्र देते आहे. तुझ्या घरमालकाचा फोन दोन दिवस लागत नाही, आणि लागला असता तरी हे सगळं मला फोनवर बोलता आलं नसतं. शांतपणे बसून वाच. पण वाचून झालं की उशीर करू नकोस.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. तुझा आनंद बघून आधी मला हसूच आलं. सहा महिने तू अब्बांच्या जुन्या गाडीच्या त्या एका फोटोवर भिंग घेऊन बसला होतास. आधी म्हणालास ब्यूक, मग म्हणालास छे, पुढच्या जाळीचे खांदे वेगळे दिसतात. मग मला विचारलंस की आपा, चाकाच्या मधोमध काय होतं, आठवतं का. न आठवायला काय झालं? एक्क्याऐंशीत ती गाडी शेलारला आपल्या लूमच्या शेडसमोर आली, तेव्हा तिला रोज फडकं मीच मारायचे. चाकाच्या वाटीत लाल षटकोनी खूण होती आणि बोनेटवरच्या पक्ष्याची मान मोडलेली होती. एवढं लिहिलं आणि तुझ्या जाणकारांनी ओळखलं, पॅकार्ड, सदतीस-अडतीसची, आठ सिलिंडर एका रांगेत. राजेरजवाड्यांची गाडी! आपल्या अब्बांनी ती भंगाराच्या भावात आणली होती, हे त्या मोठ्या लोकांना सांगू नकोस म्हणजे झालं. गाडीचा सांगाडा पुढे भंगारातच गेला, पण इंजीन अजून शेडच्या मागच्या खोलीत भिंतीआड आहे, हेही मीच कौतुकाच्या भरात लिहून बसले. माझा हात का नाही मोडला?

कारण इंजीन काढून चालू कर असं तू नूरुद्दीन मुकादमाला परस्पर कळवलंस आणि त्याने भिंत फोडली. मी सासूबाईंच्या आजारपणात अडकले होते, मला काही पत्ता नाही. मंगळवारी तुझं पत्र वाचलं तशी रिक्षा करून शेलार गाठलं. भिंत नव्हती. इंजीन पुसून, रंगवून, जनरेटरला जोडून तयार होतं. नूरुद्दीनने मला चालू करून दाखवलं. तो आवाज ऐकून मी पडवीतच बसले.

ती भिंत अब्बांनी का बांधली, हे तुला घरात कोणी सांगितलं नाही. तू सहा वर्षांचा होतास. अब्बा गेले त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी माझा हात धरून वचन घेतलं होतं, की खलीलला कळता कामा नये. आज ते वचन मी मोडते आहे. अल्ला मला माफ करो, आणि अब्बांनाही.

त्र्याऐंशीचा ऑक्टोबर होता. वीज सारखी जायची आणि दिवाळीच्या ऑर्डरी अंगावर होत्या. अब्बांनी गाडीचं इंजीन काढून मागच्या खोलीत जनरेटरला जोडून घेतलं. ते जोडणारा काळूराम, दिघाशीचा, आपला फिटर. खोलीच्या वर माळा होता आणि रात्रपाळीची माणसं दिवसा तिथे झोपायची. ऑक्टोबरचा कोरडा वारा लागला की सूत तुटतं, म्हणून खिडक्या गोणपाटाने गच्च बंद. इंजिनाच्या धुराचा पाइप मागच्या बाजूने बाहेर काढला होता, पण शेजारणीच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसते म्हणून रोज भांडण. शेवटी अब्बांनी पाइप आत वळवला. दोनच दिवस, ऑर्डर जाईपर्यंत, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले. काळूराम पाळी संपवून माळ्यावर झोपायला निघाला होता. शिडीवर हात ठेवून म्हणाला, "बाय, शेटला सांग. धूर वरती येतंय, डोका लय दुखतंय." मी सांगायला गेलेही. पण पडवीत मुंबईचे व्यापारी बसले होते. अठरा वर्षांची मुलगी, परक्या पुरुषांसमोर कशी जाऊ? दुपारी सांगू म्हटलं आणि घरी येऊन कपड्यांच्या शिलाईला बसले. खलील, मी विसरले. चार वाजता पुन्हा चहा नेला, तर शिडीखाली तीन चपलांचे जोड होते आणि कितीही हाका मारल्या तरी वरून कोणी ओ देईना. खाली लूम खडखडत होते. वर मीच चढले.

अब्बांनी एका डॉक्टरला हाताशी धरून तिघेही जेवणातून विषबाधा होऊन मेले असं लिहून घेतलं आणि इंजिनापुढे भिंत घातली. काळूरामबरोबरचे दोघे उत्तरेकडचे होते, त्यांचं कोणी विचारायला आलं नाही. काळूरामने आदल्या रात्री घरचा डबा खाल्ला होता, भाकरी आणि सुकटीचं कालवण, आणि दोघांना त्यातलंच दिलं होतं. त्यामुळे गावात सगळ्यांनी मानलं की ठमाबाईच्या, त्याच्या बायकोच्या, हाताने हे झालं. पंधरा वर्षं तिच्या हातचं कोणी लग्नकार्यात खात नाही. हे मला माहीत होतं, आणि मी गप्प बसले.

तू लिहितोस की फोटो फ्रेम करताना बोनेटवर हात ठेवून उभा असलेला, अर्ध्या चड्डीतला माणूस कापून टाकणार, गाडी नीट दिसावी म्हणून. तो काळूराम आहे. त्याला कापू नकोस. चाकाची खूण ओळखायला सहा महिने लावलेस, या माणसाकडे एकदा तरी भिंगातून बघ.

आता ऐक. पाइप याही वेळी आतच आहे. मागे नव्या गोडाउनची भिंत टेकली आहे, बाहेर काढायला जागाच नाही. गोणपाटं लावून झाली आहेत. माळ्यावर अकरा माणसं आहेत. मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, फिर सोयें कहाँ? नूरुद्दीनला सगळं सांगितलं, अगदी हे सगळं, तर हसून म्हणाला, "आपा, पुरानी बातें छोडो. शेटचा हुकूम हाय." शेट म्हणजे तू. उद्या शनिवारी वीज नाही. रात्रपाळी सकाळी सातला सुटेल, माणसं वर जातील आणि इंजीन चालू होईल.

काल मी दिघाशीला गेले होते. ठमाबाई अंगणात भांडी घासत होती. मी सांगितलं. तिने मला शिव्या द्याव्यात म्हणून मी थांबून राहिले. तिने राखेचा हात धुतला, मग म्हणाली, "मंजे माझे डब्यात काय नव्हता." एवढंच. निघताना मी शनिवारी काय करणार ते तिला सांगितलं, तर म्हणाली, "मीपन येतंय."

म्हणून हे पत्र. वाचल्याबरोबर बूथवरून शेडवर फोन कर आणि नूरुद्दीनला तुझ्या तोंडाने नको म्हण. तो माझं ऐकणार नाही, तुझं ऐकेल. फोन आला नाही, तर सकाळी सातला मी आणि ठमाबाई त्या अकरा जणांबरोबर माळ्यावर जाऊन झोपणार आहोत. परक्या पुरुषांत दोन बायका, लोकांना काय बोलायचं ते बोलू दे, त्या वेळची लाज मला खूप महाग पडली आहे. आमच्या चपला शिडीखाली असतील. त्या बघून नूरुद्दीनला इंजीन चालू करायचं असेल तर करू दे.

फोनची वाट पाहणारी,
तुझीच
बिल्किसआपा