चौसष्ट अक्षरांत माफी

८ जानेवारी, सकाळी ७
मरिट बेमिडजीला सोल्व्हेगकडे गेली त्याला बारा दिवस झाले. माणसं बहिणीकडे विश्रांतीला जातातच. हिवाळी बुटांचे दोन्ही जोड मात्र नेलेत. तिकडे बर्फ जास्त असतो.

नव्या वर्षाचा संकल्प : कर्नलच्या नावांना शिस्त. आपल्या लॅपटॉपच्या मॉडेलला कंपनीने वाऱ्यावर सोडलं, तेव्हापासून त्याच्या प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, मीच दुरुस्त करून बांधतो. जगभरात एकवीस जण माझ्या भरवशावर आहेत. इथे डुलुथमध्ये याची कुणाला कल्पना नाही.

नियम : आधी मूळ कर्नलचा आकडा, मग डॅश, मग आपलं शेपूट. मधे मोकळी जागा नाही. एकूण चौसष्ट अक्षरांच्या आत. शेपटात भावना नको.

११ जानेवारी
नियमावली चार पानांची झाली. कारिनला फोनवर वाचून दाखवली. पोरगी म्हणाली, "बाबा, आईला फोन केलास का?" म्हटलं, आधी तिसरा मुद्दा तर ऐक. तिने फोन ठेवला. हॉस्पिटलात ड्यूटी असणार.

१९ जानेवारी, सकाळी ९
कल्पना सुचली! मरिटचा लॅपटॉपही माझ्याच कर्नलवर चालतो. अपडेट आपोआप जातं आणि चालू होताना पडद्यावर आवृत्तीचं नाव येतं. म्हणजे तिला रोज माझं एक वाक्य वाचावंच लागेल. फोनवर माझी गाडी भलतीकडेच जाते. चौसष्ट अक्षरांत जाणार कुठे?

तिच्या यंत्रापुरती वेगळी बांधणी केली. भावनांचा नियम तात्पुरता स्थगित. नाव : ६.१.७४-मरिट-चुकलं.

२० जानेवारी
सर्व्हरवर नोंद आली. बेमिडजी, सकाळी ८ वाजून १० मिनिटं, अपडेट उतरवलं. वाचलं तिने!

२७ जानेवारी
उत्तर नाही. दोष नावात आहे. चुकलं म्हणजे काय चुकलं ते त्यात कुठे आहे?

तो गुरुवार. तिच्या आईचा अंत्यविधी अकराला होता. माझी बांधणी शेवटच्या टप्प्यात अडकली होती. मरिटला म्हटलं, तू हो पुढे, मी दहा मिनिटांत आलोच. चर्चमध्ये पोचलो तेव्हा तळघरात जेवणं आटोपून खुर्च्या घड्या करून ठेवत होते. सोल्व्हेगने झाकलेली ताटली हातात दिली. परतताना गाडीत मरिटने विचारलं, "झालं का तुझं?" मला वाटलं कर्नलचं विचारतेय. म्हटलं, हो, एकदाचं झालं.

नवं नाव : ६.१.७५-गुरुवारी-यायला-हवं-होतं. चौसष्टच्या निम्मी अक्षरंसुद्धा नाहीत. थोडक्यात लिहिणं मला जमतं.

१४ फेब्रुवारी
आजचं : ६.१.७७-घरी-ये-मरिट. नोंदी बघितल्या. एका दिवसात पाच वेळा लॅपटॉप बंद करून चालू केलाय! पुन्हा पुन्हा वाचतेय. डोळे भरून आले. (कांदा चिरत होतो.) वाइल्ड राइसचं सूप दोघांपुरतं केलं.

१६ फेब्रुवारी
सूप संपलं.

३ मार्च
कारिन बर्फ उपसायला आली. फावडं टेकवून म्हणाली, "बाबा, आई वकिलाकडे जाऊन आली." म्हटलं, आजीच्या मृत्युपत्राचं काही असेल. ती माझ्याकडे बघत राहिली. पेशंटच्या नातेवाइकांकडे ती अशीच बघत असावी.

"तिकडे जा रे. तीन तासांचा रस्ता आहे."

रस्ता खराब असेल म्हटलं. "मी आत्ता त्याच रस्त्यावरून आले," म्हणाली. शिवाय रविवारी नवी आवृत्ती द्यायची आहे. एकवीस लोक. तिला एकवीस जणांचा भार काय कळणार! आणि तिच्या आईशी माझं बोलणं चालू आहेच, आमच्या पद्धतीने. हे तिला सांगितलं नाही.

२२ मार्च, सकाळी १०
लेरॉय क्विस्ट नावाच्या माणसाची ईमेल. जशीच्या तशी उतरवतो.

"नमस्कार. तेरा जानेवारीला चर्चच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत तुमच्या कर्नलचा लॅपटॉप घेतला. आधीच्या बाईंनी आपलं सगळं पुसलेलं आहे. भजनांचे कागद छापायला छान चालतो. फेब्रुवारीत एकदा दिवसभर अडकत होता, पाचदा बंद करावा लागला, आता ठीक. पण चालू करताना दरवेळी कुणीतरी मरिटची माफी मागतं, तिला घरी बोलावतं. माझ्या बायकोचं नाव ग्लॅडिस. आधी हसली. मग म्हणाली, 'लेरॉय, ही मरिट कोण ते खरं सांग.' आठ दिवस झाले, पाहुण्यांच्या खोलीत झोपते. नुसता आकडा नाही का ठेवता येणार?"

दुपार
जेवलो नाही.

२३ मार्च
मरिटला फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला. म्हणाली, लॅपटॉप केव्हाच देऊन टाकला, चालू होताना तुझा तो कर्नल बघवायचा नाही. मी सगळं सांगितलं. तिने विचारलं, "काय लिहिलं होतंस?" तिन्ही नावं सांगितली. डॅश वगळून.

 मग म्हणाली, "पहिले दोन आठवडे मी फोन उशाशी घेऊन झोपत होते, आल्डन."

मी विचारलं, आणि आता?

"आता झोप लागते," म्हणाली. वकिलाकडचे कागद शुक्रवारी येतील. खुणा केल्यात तिथे सही करायची.

३० मार्च
सह्या केल्या. चार ठिकाणी होत्या. क्विस्टला ६.१.८३ दिलं, शेपूट नाही. संध्याकाळी त्याचं उत्तर आलं. ग्लॅडिस पाहुण्यांच्या खोलीतून परत आली.