थोरली, धाकटी आणि वानखडेभाऊंचा रुमाल

३ नोव्हें., सोम.
आज बाजार समितीचा वजनकाटा एकदाही अडला नाही. हे लिहिताना हात हलका वाटतोय.

मागच्या आठवड्यात नुसता वैताग होता. सोयाबीनचा ट्रॅक्टर काट्यावर चढला की वजन मोठ्या सर्व्हरवर, म्हणजे आपल्या थोरलीवर जाणार, आणि त्याच वेळी अर्धा तालुका फोनवरून त्याच सर्व्हरला विचारणार, माझा नंबर आला का, आज भाव काय, माझी पावती कुठे. थोरली मापं लिहिणार की लोकांना उत्तरं देत बसणार? आणि शेजारी धाकटी, म्हणजे आपला स्टँडबाय सर्व्हर, थोरली लिहील त्याची नक्कल घेत एसीत आरामात. थोरली पडली तर उपयोगी येईल म्हणून ठेवलेली. आजपासून तिलाही कामाला लावली. नंबरचा बोर्ड, भाव, पावत्या, जे जे नुसतं बघायचं ते सगळं धाकटीकडे. लिहिणं फक्त थोरलीकडे.

समितीचे अध्यक्ष काट्यापाशी बराच वेळ उभे होते. चहा पाठवला. जाताना मात्र, "लोकायची एक तक्रार आली प्रज्ञाताई, तं हे बंद. पयल्यासारखं करू." पहिल्यासारखं म्हणजे भर हंगामात अडलेला काटा. देव न करो.

४ नोव्हें., मंगळ.
वानखडेभाऊ (हिशेब) तापलेले. त्यांचा हंगामाचा मोठा रिपोर्ट आता धाकटीवर चालतो आणि मध्येच तुटतो. कारण कळलं. थोरली जुन्या, रद्द झालेल्या नोंदींचा केर काढते. मागोमाग धाकटीलाही तोच केर काढावा लागतो. भाऊंचा रिपोर्ट नेमक्या त्याच जुन्या नोंदी वाचत असतो, म्हणजे भाऊ त्या केरावर खुर्ची टाकून बसलेले. धाकटी जरा वेळ थांबते, मग भाऊंना उठवते, म्हणजे रिपोर्टच तोडते.

"मी काय चोर हाव, मले उठवाले?"

शेवटी धाकटीला सांगून टाकलं, भाऊ उठेपर्यंत थांब. भाऊ खूश. दिवाळीचा उरलेला चिवडा आणून दिला. मऊ पडलेला, पण खाल्ला.

६ नोव्हें., गुरु.
आभाळ भरून आलेलं आणि आजच घात झाला.

आपल्या वाशीमकडच्या मालेगावच्या पुढून सुखदेवमामा ट्रॉली घेऊन आला होता. यार्डात गर्दी, म्हणून सगळ्यांसारखी त्यानेही ट्रॉली रस्त्याच्या कडेला लावली आणि टपरीवर फोनमध्ये बोर्ड बघत बसला. बोर्ड सकाळपासून जागचा हललाच नव्हता. इकडे काटा झपाझप चाललेला. मामाचा नंबर पुकारला, मामा नाही. नियम सरळ आहे, पुकारल्यावर ट्रॅक्टर नसेल तर रांगेच्या शेवटी. मामा एकटा नव्हता, असे बरेच चुकले. सगळे माझ्या खिडकीशी. मामाही त्यांच्यात. ही माझी भाची, हे कुणालाही सांगितलं नाही त्याने. मलाही, याला मध्ये घ्या, असं म्हणता येईना.

गर्दी पांगल्यावर जवळ आला. "पोरी, तुया बोर्ड काहून खोटं बोलते?"

ट्रॉलीवर ताडपत्री ओढत होता तो. एकदा भिजलं की ओलावा जास्त, मग माल परत.

(नंतर) सापडलं. वानखडेभाऊ सकाळी रिपोर्ट उघडून, तसाच उघडा टाकून, बँकेच्या कामाला वाशीमला गेले होते. फोन केला तर म्हणतात, "बंद केला असता तं पुन्हा पयल्यापासून लागला असता ना. एसटीत आपण रुमाल नाई टाकत का जागेवर?"

इतका राग आला आणि हसूही. भाऊंचा रुमाल खुर्चीवर, आणि धाकटी दिवसभर झाडू धरून उभी. केर निघाल्याशिवाय तिला पुढे जाता येत नाही, म्हणून पुढचं एकही वजन तिने घेतलं नाही. थांब म्हणून तिला सांगणारी मीच.

७ नोव्हें., शुक्र.
पाऊस आला नाही. सुटले.

सकाळी अध्यक्षांना सगळं सांगितलं, माझ्यासकट. ते म्हणाले, बंद कर. मी उद्यापर्यंतची मुदत मागितली. मिशीवरून हात फिरवत त्यांनी ती दिली. आणि स्वतःच काट्यावर जाऊन सांगितलं, बोर्डामुळे काल जे चुकले त्यांचं माप आधी. मामाचं सोयाबीन दहाच्या आत उतरलं, ओलावा ठीक. मी फायलींच्या खोलीत जाऊन थोडी रडले.

धाकटीची मर्यादा परत लावली. जरा थांबेल, मग कुणीही असो, उठवेल. भाऊंचा रिपोर्ट काटा बंद झाल्यावर. आणि बोर्डाच्या कोपऱ्यात आता 'ही माहिती इतक्या वाजेपर्यंतची' असं दिसतं. फारच मागे पडली तर नंबर पुसून 'काट्यावर विचारा' एवढंच. हे मामाचं. निघताना म्हणाला होता, "मांगं असन तं मांगं हाय म्हनाव ना. मानूस समजून घेते."

८ नोव्हें., शनि.
एकही तक्रार नाही!! बोर्ड काट्याच्या अगदी पाठोपाठ. संध्याकाळी भाऊंचा रिपोर्ट एका दमात पूर्ण. मी विचारलं, रुमाल उचलला ना? "उचलला वो माय."

अध्यक्ष म्हणाले, चालू दे. पण उठता उठता, "थोरली खरंच बसली तं? धाकटीले आता सवड कुठी हाय? दोघीचं वझं एकटी उचलन का?"

बरोबर आहे त्यांचं. अडीअडचणीसाठी ठेवलेलीला मी रोजच्या कामाला जुंपलं. म्हटलं, करून दाखवते.

१० नोव्हें., सोम.
चाचणी येत्या रविवारी, काटा बंद असताना. थोरली मुद्दाम बंद करायची आणि सगळा कारभार धाकटीच्या हाती. वजनं खोटी, पण बोर्ड बघणारे खरे, आधी सांगून ठेवलेले. उचलेल की बसेल, खरंच माहीत नाही. तिसरं मशीन मागावं लागेल बहुतेक. मागायचं धाडस आधी गोळा करते.

दुपारी मामाचा फोन. दुसरी ट्रॉली घेऊन आलाय, आज माझ्या खिडकीकडे फिरकलाही नाही. मागे टपरीवरची गडबड ऐकू येत होती.

"बोर्ड म्हनते आत्ताचंच हाय, अन् माह्या पुढं लय जन हायेत. मी जेवून घेतो."

म्हटलं, सावकाश जेव. फोन ठेवला आणि बोर्ड एकदा स्वतः उघडून पाहिला.