भावाचा ॲम्प उघडण्याआधी वाचावे

मी, वय एकाहत्तर, पन्नास वर्षं गिटारचा आवाज मोठा करणारे, जुन्या रेडिओसारख्या काचेच्या व्हॉल्व्हचे ॲम्प दुरुस्त करणारा, पूर्ण शुद्धीवर, कुणाच्याही दबावाविना, पण मोठ्या भीतीपोटी हे मृत्युपत्र लिहीत आहे. आधीचं रद्द समजावं. त्यात मुख्य गोष्टच नव्हती.

कलम १. राहतं घर पत्नीचं. माझी आरामखुर्चीही तिचीच. ती भंगारात काढायला पत्नी कधीची टपून बसली आहे, आता खुशाल काढावी.

कलम २. दुकान आणि सगळी हत्यारं मुलीची. शेजारच्या शिंप्याने नेलेली निमुळती पक्कडसुद्धा; "उद्या देतो" म्हणता म्हणता त्याला अकरा वर्षं झाली. दुकानाचा नियम तिने मोडू नये: उघड्या ॲम्पमध्ये एकच हात, दुसरा खिशात. दोन्ही हात आत असले की वीज छातीतून जाते.

कलम ३. कपाटावरचा काळा ॲम्प माझा नाही, धाकट्या भावाचा आहे. त्यामुळे तो कुणाला देण्याचा प्रश्न नाही. पण मंगळवारी मुलगी म्हणाली, "बाबा, रविवारी काकांचा ॲम्प उघडते. घाबरू नका, प्लग काढल्याशिवाय हात घालणार नाही." तेव्हापासून चार रात्री डोळ्याला डोळा नाही.

चाळीस वर्षांपूर्वी भाऊ रोज गिटार वाजवायचा. त्याने जोरात तारा छेडल्या की आवाज क्षणभर दबायचा आणि मग फुलून वर यायचा. कारण साधं आहे. जोरात वाजवलं की व्हॉल्व्ह जास्त करंट ओढतात. तो करंट ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्यांतून आणि विजेला एकाच दिशेने सोडणाऱ्या रेक्टिफायर व्हॉल्व्हमधून येतो, आणि दोन्ही त्याला थोडे अडवतात. तिथे व्होल्टेज पडतं. वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमधला साठा लहान, तो लगेच उतरतो. खालच्या मजल्यावर नळ सोडला की वरची धार बारीक होते, तसंच. भावाचा त्या दबण्यावर जीव होता. मला तो दोष वाटायचा.

तो गावाला गेला असताना, त्याला न विचारता, मी तो रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढून त्याचंच काम न अडवता, न तापता करणारे डायोड बसवले आणि कपॅसिटर चौपट मोठे केले. बंद केल्यावर साठा रिकामा करणारा छोटा रेझिस्टर मात्र लावला नाही. घाई होती, आणि शहाणपणाचा माज होता.

भावाने येऊन बटण दाबलं. पूर्वी रेक्टिफायर व्हॉल्व्ह तापेपर्यंत व्होल्टेज चढायचंच नाही. डायोडमुळे ते त्याच क्षणी चढलं. बाकीचे व्हॉल्व्ह थंडच, साठा ओढणार कोण? आवाज येईना म्हणून त्याने प्लग काढला आणि दोन्ही हात आत घातले. कपॅसिटर तसेच भरलेले होते. तो भिंतीवर जाऊन आदळला. जगला, पण डाव्या हाताची दोन बोटं कायमची बधिर झाली.

मी सगळ्यांना सांगितलं की त्याने प्लग काढलाच नव्हता. घरात चाळीस वर्षं तेच चाललंय. म्हणूनच माझी मुलगी समजते की प्लग काढला की झालं.

मृत्युपत्र मेल्यावर वाचतात. रविवार त्याआधी येतोय. तेव्हा हे मी जिवंतपणीच, मुलगी आणि भाऊ, दोघांना समोर बसवून वाचेन.

कलम ४. तो ॲम्प चालू करून बंद केला, की आधी रेझिस्टर जोडलेल्या वायरने कपॅसिटर रिकामे करावेत आणि मीटरवर शून्य दिसेपर्यंत हात लावू नये. मग माझे डायोड आणि मोठे कपॅसिटर काढावेत, पूर्वीइतके लहान कपॅसिटर आणि जुना व्हॉल्व्ह परत बसवावा. तो व्हॉल्व्ह माझ्या खणात, मोज्यात गुंडाळून ठेवला आहे.

जोड: आज वाचून दाखवलं. मुलगी माझ्याकडे बघेना. भाऊ म्हणाला, "दादा, प्लग मीच काढला होता. मला माहीत नसेल?"

मी विचारलं, "मग बोलला का नाहीस?"

"तुझ्याकडे कुणी दुरुस्तीला ॲम्प टाकला असता का रे परत?" तो म्हणाला. "आण, सही कुठे करायची?"

साक्षीदार पहिला: धाकटा भाऊ. (सही)
साक्षीदार दुसरा: शेजारचा शिंपी. (सही, पक्कड आणली आहे.)
लिहून देणार: ॲम्प दुरुस्त करणारा. (सही)
ठिकाण: दुकानातलं कामाचं टेबल.
दिनांक: रविवार, सकाळी दहा. मुलगी ॲम्पपाशी उभी आहे. तिचा डावा हात खिशात आहे.