हनुवटीवरचे ठिपके

४ फेब्रुवारी
सुंदरबाईंच्या हनुवटीवर गोंदणाचे ठिपके किती होते? मला सांगता येत नाही. दोन तास तो चेहरा मोठा करून समोर ठेवला होता, तरी नाही.

झालं असं – सकाळी एका नवरीचे फोटो केले. कम्प्युटरवर मास्कचा ब्रश चेहऱ्यावर फिरवायचा, की तीळ, डाग सगळं जातं, कातडी गुळगुळीत. दुपारी एरंडोलच्या झुलालनानांचं काम घेतलं. त्यांची बायको सुंदरबाई दिवाळीत गेली. भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा होता. चेहरा थोडा उजळायचा, बस. प्रोग्रॅम मागची सेटिंग लक्षात ठेवतो. ती बदलायची, हे मी विसरले. गोंदण डाग समजून पुसलं गेलं.

नानांचा फोन बिघडलेला, म्हणून त्यांनी आतलं मेमरी कार्डच दिलं होतं. मी कार्डातल्या फोटोवरच सेव्ह दाबलं. त्यांच्याकडे दुसरा फोटो नाही.

५ फेब्रुवारी
जळगावातल्या दोन दुकानांत कार्ड दाखवलं. काही परत येत नाही.

७ फेब्रुवारी
भूपेंद्रभाऊंना सांगितलं. स्टुडिओ त्यांचा. "तीन ठिपके टाक अन् देऊन दे. कोण मोजायला बसलंय?" मी नाही म्हटलं. "बीए झाली म्हणून गिऱ्हाइकाची पण परीक्षा घेशील का?"

कामाला लागले तेव्हा ठरवलं होतं, कुणाचा चेहरा बदलायचा नाही. पहिल्याच नवरीला ते मोडलं. तिकडे धुळ्याला माझे वडील, अण्णा, सांगत फिरतात, "मनी पोर कम्प्युटरवर शे." घरातली पहिली पदवीधर मी. आणि केलं काय – एका बाईची खूण पुसली.

१० फेब्रुवारी
नाना आले. खरं सांगायचा धीर झाला नाही. मी म्हटलं, फोटोत गोंदण नीट आलं नव्हतं, किती ठिपके होते?

नाना हसले. "चाळीस वरीस समोर ऱ्हायनी. मी काय मोजत बसू?" मग आपल्याच हनुवटीवर बोट टेकवत राहिले. इथे, मग इथे. परत पहिल्यापासून. शेवटी म्हणाले, "तीन लिखी ले."

त्यांच्यासमोरच तीन टाकले. छापलेला फोटो हातात दिला, तर त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "हाईच शे मनी सुंदर."

खोलीवर आले. जेवण गेलं नाही.

११ फेब्रुवारी
आजही नवरीच. तीच सेटिंग.

२१ फेब्रुवारी
नानांची मुलगी कुंदाताई चोपड्याला असते. तिने भिंतीवरचा फोटो बघून बचत गटाचा जुना फोटो पाठवला. "ताई, आईचे पाच होते. नानांना चुकीचं आठवतंय."

मोठा करून मोजले. पाच.

नानांची आठवण चुकली नाही, ती मी चुकवली. आता सांगावंच लागेल.

२२ फेब्रुवारी
बचत गटाचा फोटो बघून पाच ठिपक्यांचा तयार केला. सेटिंग तीनदा तपासली.

२३ फेब्रुवारी
एरंडोलला जाऊन आले. सगळं सांगितलं – चूक माझी, खोटंही माझंच. मग पाचवाला फोटो नानांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडात धरला. मग भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हाई कोन शे, पोरी?"

फोटो परत घेऊन आले. या वहीत ठेवला आहे. भिंतीवरचा तसाच राहू दिला.