मितूच्या चिठ्ठ्या

७ एप्रिल, सोमवार

ॲप काढून टाकलं! तेरा दिवस वाया. त्यातला पोपट गोष्ट वाचतो, मुलं मागून म्हणतात, शेवटी चांदण्या उधळतात. मितूला रोज चांदण्या मिळत होत्या आणि मी मूर्खासारखी खूश होत होते. आज पोपटाचा आवाज बंद केला आणि म्हटलं, आता तू वाच. पडद्याकडे बघत बसली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेजारून धाकट्या प्रशिकने सगळं पान वाचून टाकलं — सहाचा आहे तो, आणि ही नऊची!

नाव ठेवलं संघमित्रा. स्वतःचं नाव लिहिते 'सघमित'. तिसरीच्या बाई पालकसभेत सगळ्यांसमोर म्हणाल्या, तुमच्या मुलीचं काही खरं नाही. मी बी.एड. झालेली बाई! त्याच दिवशी दोघांनाही शाळेतून काढलं. आता घरी शिकवून दाखवते म्हटलं. दाखवते आहेच.

नागसेनने मुदत घातली आहे. "शाळा उघडेपर्यंत पाहू. मितू वाचायले लागली तर ठीक, नाही तर तिले टाकू शाळेत." प्रशिकचा प्रश्नच नाही. प्रशिक माझा आहे. मितू यांच्या घराण्याची — दगड.

९ एप्रिल

आज 'क' आणि 'फ'. चाळीस वेळा. दगड.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. सकाळी विहारात मुलांनी एकेक करून संविधानाची उद्देशिका वाचायची होती. प्रशिक अडखळला, पण वाचली. मग मितू. खणखणीत आवाज, एकही चूक नाही! माझा तर ऊर भरून आला. तेवढ्यात मोठ्या जाऊबाई जयवंता ओरडल्या, "अवं, कागद पाह्य तिचा! उलटा धरला पोट्टीनं!"

पाठ केली होती. माझ्याच तोंडून ऐकून ऐकून. सगळं विहार हसलं. मीही हसले, हसावंच लागलं. मितूसुद्धा हसली, तिला वाटलं कौतुक चाललंय.

घरी आल्यावर तिला काही बोलले नाही. उद्याही बोलणार नाही. परवाही नाही.

१७ एप्रिल

तिसऱ्या दिवशी माझ्या पदराला धरून म्हणाली, "आई, मी पाणी पिऊ?" पाण्याला परवानगी मागते! मी मान हलवली फक्त.

२० एप्रिल, रविवार

हुडकेश्वरची मोनाली आली होती, तिचीही मुलं घरीच शिकतात. तिने पुण्याहून आलेली तीस पुस्तिकांची पेटी दाखवली. रंगीत, गुळगुळीत, आणि पहिल्याच पानावर अननस, आगगाडी, आइस्क्रीम. तेच ते. दुसरा एक कार्यक्रम तिने सांगितला, चिठ्ठ्यांचा. तो घेतला. रोज सकाळी एका बाईंचा मधाळ आवाजातला निरोप येतो. नियम दोनच. एक — ज्याचं जे नाव, ते कागदावर लिहून त्याच्या अंगावर चिकटवायचं. आधी आईने, मग मुलाने स्वतः. दोन — मुलासमोर कडू शब्द उच्चारायचा नाही. फारच आला तर वहीत लिहावा.

म्हणजे माझं आधीपासून बरोबरच चाललं होतं!

वही फ्रिजवर ठेवते. प्रशिकच्या हाताला लागू नये म्हणून. मितूचा हात पोचतो, पण तिचा काय धोका? सासूबाई अक्षरशत्रू आणि नागसेन म्हणजे नंदीबैल, वर्तमानपत्रातही फक्त क्रिकेट बघतो. या घरात वही उघडी टाकली तरी चालेल.

२८ एप्रिल

घरभर चिठ्ठ्या. दार, कूलर, पाट, माठ, आरसा. सासूबाईंच्या भिवापूरहून आणलेल्या मिरच्यांच्या डब्यावरही लावली. त्यांनी ती काढून चुलीत घातली असती, चूल असती तर. "माह्या डब्याले काय नाव लावतं वं? मिरची आहे, उघडलं की समजते!" मितू खो खो हसली. आजीची लाडकी. दोघी सारख्याच.

मी मितूला म्हटलं, छान हसतेस हं बाळा, आता वाच. हसणं थांबलं.

८ मे

आज आमरस केला. पाच चिठ्ठ्या वाटीपुढे ठेवल्या. जो वाचेल त्याला वाटी. शिक्षा नाही ही, प्रोत्साहन आहे. प्रशिकने पाचही वाचल्या. मितू दुसरीवर अडली. तशीच बसली, वाटीकडे न बघता. मी गोड आवाजात म्हटलं, "काही घाई नाही राणी, जमेल तेव्हा." आणि तिची वाटी प्रशिकच्या पानात ओतली.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मला बरं वाटलं. लिहून टाकते, कारण खरं आहे. विहारातल्या हसण्याचं थोडं तरी उसनं फिटलं.

नंतर सासूबाई स्वयंपाकघराच्या दारामागे तिला चमच्याने भरवत होत्या. मी पाहिलं, पण बोलले नाही. कडू शब्द नाही उच्चारायचा!

१२ मे

बुद्धपौर्णिमा. विहारात पाचही जणांचा फोटो काढला. मितूचे डोळे मिटलेले.

२१ मे

सासूबाई म्हणतात, "पोरगी वाचते वं. दुपारी तू झोपली असते ना, थे फ्रिजपाशी उभी राह्यते. व्हट हालून राह्यले असते तिचे." फ्रिजवर मी 'फ्रिज' ही चिठ्ठी लावली आहे. दोन अक्षरं. त्याला दुपारभर ओठ हलवते का? फ्रिज उघडून गार हवा खात असेल. ज्या बाईला आपली सही येत नाही, ती मला वाचन शिकवणार!

२९ मे

बुद्धपौर्णिमेचा फोटो फ्रेम करून आणला होता, तो कपाटावरून गायब. प्रशिकला विचारलं, नाही म्हणाला. मितूला विचारलं तर हाताची घडी घालून उभी. जाऊ दे.

३ जून

आज एक वाक्य दिलं. 'मला आई आवडते.' मितू म्हणाली, "मले आई आवडते." चूक. कागदावर 'मला' आहे, डोळे उघडून बघ. पुन्हा तेच. चित्र पाहून अंदाजाने ठोकते आहे. (चित्र नव्हतं. पण अंदाजच.)

प्रशिक आता तिला 'ए अनपढ' म्हणतो. मी रागावले नाही. चूक तरी कुठे आहे त्याची?

११ जून, बुधवार

आज लिहूनच टाकते.

मी हरले तरी चालेल. हरले तर बरंच! मितू शाळेत जाईल. सकाळी साडेसहाला बस, दुपारी दोनला परत. तेवढा वेळ घरात मी आणि प्रशिक. तो खिडकीत बसून वाचेल, मी शेजारी बसेन, कोणी दगडासारखं समोर बसणार नाही. किती शांत! नागसेनसमोर तिने तोंड उघडूच नये. एवढं केलं तिने माझ्यासाठी तर खूप झालं.

आई असून असं वाटतं. वाटतं खरं.

१६ जून

मितू आज न सांगता माझ्यासाठी चहाचा कप घेऊन आली. बशीत सांडलेला. "आई, तू थकली ना?" मी म्हटलं, ठेव तिथे.

२१ जून, शनिवार

परीक्षा झाली. नागसेनने तिला मांडीजवळ घेतलं, पेपर उघडला, मोठ्या अक्षरांतली एक ओळ दाखवली. "वाच बरं बेटा. भेव नको."

तिने ओळ पाहिली. नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी काही केलं नाही, शपथ. नुसती उभी होते.

"मले नाही येत, बाबा."

दुसरी ओळ. तिसरी. "नाही येत." सासूबाई म्हणाल्या, "अवं म्हण ना वं माय, येते ना तुले!" तिने मान खाली घातली. नागसेन पेपरची घडी घालून उठला. सोमवारी नाव घालायला जाणार.

मी खोटं खोटं वाईट तोंड केलं. तिच्या केसांवरून हातही फिरवला. माझ्या हाताला ती जरा टेकली.

२३ जून

घातलं नाव. वय बघून चौथीत बसवलं. तिने रडारड केली नाही.

२६ जून, गुरुवार

पहिला शांत दिवस. प्रशिक खिडकीत, मी घरभरच्या चिठ्ठ्या ओरबाडत फिरत होते. मितूची गादी उचलली तर खाली तो फोटो. काचेवर पाच चिठ्ठ्या, तिच्या अक्षरात. ज्याचं जे नाव, ते त्याच्या अंगावर. आजीवर 'अक्षरशत्रू'. जोडाक्षरं बरोबर. बाबांवर 'नंदीबैल'. प्रशिकवर 'माझा'. मिटलेल्या डोळ्यांच्या मुलीवर 'दगड'.

यातला एकही शब्द मी तोंडाने कधी उच्चारलेला नाही.

माझ्यावर 'आई'. तेवढंच.

तिने अकरा जूनही वाचलं असणार.

नागसेनला सांगायला हवं, पोरीला वाचता येतं. तो विचारेल, कुठे शिकली? दोन वाजत आले. बस आली की ती दार वाजवेल. मी अजून गादी खाली टाकलेली नाही.