भरली म्हणून सांगितलेली टाकी

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

शववाहिकेची टाकी ठणठणीत कोरडी होती, हे आज दुपारी गॅरेजच्या मिस्त्रीने आत छडी बुडवून सर्वांसमक्ष सांगितलं. बाकी इकडे क्षेम. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींना सांगा, त्यांनी शब्द टाकून मिळवून दिलेली नोकरी सोमवारपर्यंत तरी शाबूत आहे.

झालं असं. नव्या साहेबांनी आल्या आल्या फर्मान काढलं, की पाळी बदलताना 'डिझेल भरलं' असं गावंढळ बोलायचं नाही, 'रिफ्युएल केलं' म्हणायचं. अर्थ सगळ्यांना कळला. वापर मात्र निराळाच रुळला. डिझेल भरायला पंपावर रांगेत उभं राहावं लागे. रिफ्युएल खुर्चीत बसूनही उरकता येई. हळूहळू ते 'जेवलात का?'सारखं झालं, उपाशी माणूससुद्धा हो म्हणतो. त्यात आमच्या गाडीचा काटा कायम 'फुल'वर अडकलेला (सगळ्या खात्यात तेवढाच एक आशावादी).

परवा पाळी घेताना मी विचारलं, तर "केलं की रे, भरवसा नाही का?" असं उत्तर आलं. निघालो. मागे एक म्हातारे मास्तर, माझ्या शेजारच्या सीटवर त्यांची बायको. स्मशानाच्या चढावर, ऐन मध्यात, गाडीने दोन आचके दिले आणि मान टाकली. खांदा द्यायला आलेल्यांनी धक्का दिला. त्यांच्यातला मास्तरांचा एक जुना विद्यार्थी धापा टाकत म्हणाला, "मास्तर, अजून शिक्षा संपली नाही का हो?" कुणी हसलं नाही. मग बाई म्हणाल्या, "ड्रायव्हरदादा, हे आयुष्यात कधी उशिरा पोचले नाहीत हो." त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सोमवारी चौकशी आहे. गाडी ज्याच्या हातात बंद पडली त्याला घरी बसवायचं, असं साहेबांच्या मनात दिसतं.

तुमचा भाचा

ता. क. "केलं की रे" म्हणाले ते आपले जावईबापू. ताई दिवसांत आहे, म्हणून मी अजून नाव घेतलेलं नाही. ते आपण होऊन बोलले तर ताकिदीवर भागेल. मी बोललो तर त्यांची नोकरी जाईल, गप्प राहिलो तर माझी. पत्र मिळताच निघा. तुमच्यासमोर त्यांना खोटं बोलता येत नाही.

ता. क. आणखी एक. पाकीट चिकटवत होतो, तोच जावईबापू पाळी संपवून डोकावले. उद्या सकाळी तीच गाडी घेऊन मला एका घरी जायचं आहे, म्हणून टाकीचं विचारलं. जिना उतरता उतरता म्हणाले, "रिफ्युएल केलं!"

मिस्त्रीकडे छडी मागायला चाललो आहे.