गारंबीचं एकच बी

आई, तुला वाचता येत नव्हतं आणि हे पत्र कुठे जाणारही नाही, तरी लिहिते आहे.

मी तेव्हा चौथीत होते. बाबा अंबरनाथच्या कारखान्यात, आणि तू घरी कॅम्प पाच वस्तीतल्या कपडेवाल्या शेठच्या शिवलेल्या पँटींचे सुटे धागे कापायचीस. बारवी धरणाच्या वरच्या अंगाला रानात तुझं माहेर. तिथला गारंबीचा एकुलता एक वेल लाकूडतोडीत गेला, आणि तू त्याचं एकच बी घेऊन आलीस. चपटं, तपकिरी, माझ्या मुठीत जेमतेम मावणारं. कुळगावात आपल्या चाळीमागे तो वेल पुन्हा उभा करायचा, एवढंच तुझ्या मनात होतं. पण तो लावायचा कसा, हे कोणालाच माहीत नव्हतं. मामा तर हसलाच. "रानातलं कोन पेरतं गो? ते आपलंआपन येतं." मग तू ते बी वाटीत भिजत घातलंस. दोन महिने रोज पाणी बदललंस, पण ते ढिम्म. दुपार कलते आहे, निळे धागे तुझ्या केसांत अडकलेत, आणि तू वाटीवर वाकून माहेरच्या बोलीत त्या बीला काहीतरी सांगते आहेस. माझ्याशी तू तसं कधी बोलली नव्हतीस. मला म्हणायचीस, "शुद्ध बोल, शाळेत हसतील."

एकदा तू धुणं घेऊन गेलीस आणि मी ते बी पायरीच्या दगडावर घासलं. एका कडेचं साल जाऊन आतलं पांढरं दिसायला लागलं, तेवढ्यात तू आलीस. पाठीत धपाटा बसला. मी रडत सांगितलं, पोरं सागरगोटा घासून चटके देतात ना, तसं करत होते. "माज्या म्हायेरचं येवढंच व्हतं," तू स्वतःशीच म्हणालीस. मग वाया गेलेलं ते बी तेलाच्या रिकाम्या डब्यात माती घालून पुरून टाकलंस.

तिसऱ्या आठवड्यात डब्यातली माती फुगली आणि बोटाएवढा जाड कोंब वर आला. तू शेजारणींना बोलावून सांगितलंस, माझ्या मेलेल्या बापानं माझं ऐकलं. पुढच्या पावसाळ्यात वेल मागच्या जांभळीवर चढला आणि खिडकीतून येणारा उजेड हिरवा झाला. त्या उजेडात तू धागे कापते आहेस, मी तुझ्या मांडीला टेकले आहे, आणि तू पहिल्यांदाच तुझ्या बोलीत मला तुझं रान सांगते आहेस. तेवढं सुख मला नंतर कधी मिळालं नाही.

घासल्याशिवाय ते कठीण बी रुजत नाही, हे मला कॉलेजात कळलं. तेव्हा तू होतीस. सांगितलं असतं तर माझ्या पोरीनंच वेल रुजवला म्हणून चाळभर मिरवली असतीस. मी गप्प राहिले. चटके देण्याची गोष्ट मी रडता रडता रचली होती. तू ज्याच्याशी तुझ्या बोलीत बोलायचीस, ते बी मला झिजवून संपवायचं होतं, आई.